बॅटरी भरली, ऊन अजून बाकी आहे: आरव्हीतली जास्तीची सौर वीज जाते कुठे?

दुपारचे बारा. डोक्यावर लख्ख ऊन, छतावर ४०० वॅटची पॅनेलं आणि पॅनेलं व बॅटरी यांच्यामधल्या कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा फक्त ३५ वॅट. आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात हा आकडा पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. शिडी लावून वर चढलो, पॅनेलं पुसली, खाली येऊन फ्यूज तपासले. आकडा जागचा हलेना. तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि तोच आकडा डोळ्यांदेखत ९० वर गेला. मग उलगडा झाला. बिघाड कुठेच नव्हता, बॅटरी भरलेली होती.

तेव्हापासून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मग उरलेले साडेतीनशे वॅट गेले कुठे? बॅटरीत कोंबले जाताहेत का? वायरी तापताहेत का? कंट्रोलर ते जाळून टाकतो का? उत्तर एका ओळीचं आहे: ते कुठेही गेले नाहीत, कारण ते वीज म्हणून तयारच झाले नाहीत. पण नुसतं हे ऐकून मन भरत नाही. शिवाय हे नीट समजलं की त्याच न घेतलेल्या विजेतून रोज बादलीभर गरम पाणी निघू शकतं. म्हणून पॅनेलच्या आतून सुरुवात करू आणि एकेक पायरी बाहेर येऊ.

मागणी नसली की पॅनेल काय करतं

'१२ व्होल्टचं' म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनेल घ्या. त्याला काहीही न जोडता भर उन्हात मल्टिमीटर लावला, तर साधारण २२ व्होल्ट दिसतात, पण करंट शून्य. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, तर करंट सगळ्यात जास्त, पण व्होल्टेज शून्य. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, त्यामुळे दोन्ही टोकांना मिळणारी वीज शून्यच. मध्ये कुठेतरी, १८ व्होल्टच्या आसपास, एक जागा असते जिथे हा गुणाकार सर्वांत मोठा येतो. पॅनेलमागच्या चिठ्ठीवर छापलेले वॅट त्या एका जागेचे असतात.

पॅनेल त्या रेषेवर नेमकं कुठे उभं राहील, हे ऊन एकटं ठरवत नाही. समोरून किती करंट मागितला जातोय, त्यावर ते ठरतं. मागणी घटली की पॅनेल २२ व्होल्टच्या टोकाकडे सरकतं आणि करंट आपोआप कमी होतो.

नळाची तोटी बंद केली की पाइपात दाब वाढतो, पण पाणी वाहत नाही, तसंच हे. व्होल्टेज म्हणजे दाब, करंट म्हणजे धार. फरक एवढाच की टाकीतलं न वापरलेलं पाणी उद्यासाठी राहतं, आणि आजचं ऊन उद्यासाठी राहत नाही. या लेखाचा उत्तरार्ध त्या फरकाबद्दलच आहे.

मग उन्हातली ऊर्जा गेली कुठे? भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट पडतात. २० टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल त्यातले २०० वॅट वीज म्हणून देऊ शकतं. बाकीच्यातला थोडा प्रकाश परत फेकला जातो आणि उरलेल्याची उष्णता होते. वीज घेतलीच नाही, तर प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा आपापल्या जागी बसतात आणि त्या २०० वॅटांचीही पॅनेलमध्येच उष्णता होते. पॅनेल काही अंशांनी जास्त तापतं, बस. त्याला इजा होत नाही. वायर न जोडता उन्हात ठेवलेलं कुठलंही पॅनेल दिवसभर याच अवस्थेत असतं. म्हणून बॅटरी भरल्यावर पॅनेलवर चादर टाकायची अजिबात गरज नाही.

गोंधळाचं एक मूळ पवनचक्कीत आहे. लहान पवनचक्कीवरचा भार अचानक काढला, तर पाती बेफाम फिरू लागतात आणि चक्की मोडू शकते. म्हणून तिला जास्तीची वीज जाळणारा एक रेझिस्टर, म्हणजे डंप लोड, लावावा लागतो. तीच सवय लोक सौर पॅनेललाही लावतात. पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. त्याला डंप लोड लागत नाही.

कंट्रोलर हात आखडता कसा घेतो

मागणी कमी करण्याचं काम चार्ज कंट्रोलरचं. सकाळी बॅटरी रिकामी असते तेव्हा तो मिळेल तेवढा करंट आत जाऊ देतो; हा बल्क टप्पा. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोहोचलं की तो ते तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी जेवढा करंट ओढेल तेवढाच देतो. हा ॲब्सॉर्प्शन टप्पा. बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणून तो फक्त तिची पातळी राखतो, हा फ्लोट.

साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये एक स्विच सेकंदाला अनेक वेळा पॅनेल जोडतो आणि तोडतो. बॅटरी भरत आली की जोडलेला वेळ कमी होत जातो. एमपीपीटी कंट्रोलर वेगळ्या वाटेने जातो. एरवी तो पॅनेलला सर्वाधिक वॅटच्या जागी धरून ठेवतो, आणि गरज संपली की मुद्दाम त्या जागेवरून हटून २२ व्होल्टच्या टोकाकडे सरकतो. तुमच्या पडद्यावर पॅनेलचं व्होल्टेज दिसत असेल, तर दुपारी बॅटरी भरल्यावर ते चढलेलं दिसेल. ते चढणं हीच खूण: वीज आहे, कोणी घेत नाही.

इथे एक गोष्ट नीट धरून ठेवा. फ्लोटमध्ये असतानाही गाडीतली उपकरणं बॅटरीवर नाही, थेट उन्हावर चालतात. कंट्रोलरच्या बाजूचं व्होल्टेज बॅटरीच्या विश्रांतीच्या व्होल्टेजपेक्षा किंचित जास्त असतं, त्यामुळे फ्रिजला लागणारा करंट आधी तिकडूनच येतो. समजा पॅनेलं त्या क्षणी ३०० वॅट देऊ शकतात, फ्रिज ६० ओढतोय आणि भरलेली बॅटरी २० घेतेय. कंट्रोलर ८० वॅट दाखवेल आणि २२० वॅट घेतलेच जाणार नाहीत. तुम्ही इन्व्हर्टरवर १५० वॅटचं काही लावलं, तर क्षणात आकडा २३० च्या वर जाईल आणि बॅटरीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

बॅटरी भरायच्या आधीच वीज उरते तेव्हा

लेड-ॲसिड बॅटरी वापरणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. अशी बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. त्यानंतर तिची घेण्याची ताकदच कमी होत जाते आणि शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. म्हणजे सकाळी अकराला बॅटरी ८५ टक्के असेल, तरी तेव्हापासूनच पॅनेलांची बरीच क्षमता रिकामी बसलेली असते. ढग नसेल तर त्या वेळी लॅपटॉप चार्ज केल्याने बॅटरीचं काहीच हिरावलं जात नाही. अट एकच: व्होल्टेज ॲब्सॉर्प्शनच्या आकड्यावरून घसरता कामा नये. घसरलं, तर तुम्ही उरलेलं नाही, बॅटरीच्या वाट्याचं खाताय.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं उलट आहे. ती जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण करंट गिळते आणि मग एकदम थांबते. त्यामुळे लिथियमवाल्यांना जास्तीची वीज उशिरा, पण एकगठ्ठा मिळते.

आधी खात्री करून घ्या

कमी आकडा म्हणजे भरलेली बॅटरी की खरा बिघाड, हे दहा मिनिटांत कळतं. निरभ्र आकाशात, दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान हे करा:

१. कंट्रोलर कोणत्या टप्प्यात आहे ते पाहा. फ्लोट किंवा ॲब्सॉर्प्शन असेल, तर कमी वॅट दिसणं अपेक्षितच आहे. बल्क असूनही आकडा कमी असेल, तर शंकेला जागा आहे.

२. पॅनेलचं व्होल्टेज आणि वॅट लिहून घ्या.

३. एक मोठा भार लावा. पॅनेलांच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ओढेल असं काहीही चालेल.

४. एक मिनिट थांबा. वॅट वाढले आणि पॅनेलचं व्होल्टेज उतरलं, तर सगळं ठीक. वॅट जागेवरच राहिले आणि बॅटरीचं व्होल्टेज घसरू लागलं, तर पॅनेल, वायर किंवा कंट्रोलरमध्ये खरंच दोष आहे, किंवा पॅनेलवर कुठेतरी सावली आहे. छतावरच्या पंख्याच्या झाकणाची हातभर सावलीसुद्धा उत्पादन बरंच खाली आणते.

पॅनेलांचे कनेक्टर भर उन्हात, करंट वाहत असताना ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, कनेक्टर वितळतो. आधी कंट्रोलरकडे जाणारा स्विच बंद करा, मगच हात लावा. आणि क्रम पाठच करून ठेवा: जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलरला बॅटरीचा आधार नसताना पॅनेल जोडलं, तर काही कंट्रोलर खराब होतात.

जास्तीची वीज खरंच कुठे घात करते

वरचं सगळं मधला कंट्रोलर शाबूत असेल आणि त्याच्या सेटिंग बरोबर असतील तेव्हाच खरं. तो नसेल किंवा चुकीचा सेट केलेला असेल, तर जास्तीची वीज बॅटरीच्या जिवावर उठते. मोठं पॅनेल थेट लेड-ॲसिड बॅटरीला जोडलं, की ती भरल्यावर आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, पाणी आटतं, प्लेट खराब होतात. बंद जागेत साठलेला हायड्रोजन स्फोटक असतो.

म्हणून सेटिंग तपासा. १२ व्होल्टच्या प्रणालीसाठी आकडे साधारण असे: पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीला ॲब्सॉर्प्शन १४.४ ते १४.८ व्होल्ट, एजीएमला (बंद लेड-ॲसिडचा एक प्रकार) १४.४ ते १४.७, जेलला (दुसरा बंद प्रकार) १४.१ ते १४.२, फ्लोट तिन्हींना १३.२ ते १३.८ च्या पट्ट्यात. लिथियम आयर्न फॉस्फेटला ॲब्सॉर्प्शन १४.२ ते १४.४ आणि फ्लोट १३.५ च्या आसपास. बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका. इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल सारखे करण्यासाठी मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं, फक्त पाणी घालायच्या लेड-ॲसिडसाठी असतं. लिथियम किंवा जेलवर ते बंदच हवं. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय लेड-ॲसिडला आवश्यक आहे (१२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंश सेल्सिअसला १८ ते ३० मिलिव्होल्ट), लिथियमला ती शून्यावर ठेवायची.

लिथियम बॅटरीतल्या बीएमएसवर (सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवर) 'तो बघून घेईल' म्हणून सगळा भार टाकू नका. तो शेवटचा रखवालदार आहे. चार्जिंग व्होल्टेज फार चढलं किंवा सेल शून्य अंशाखाली गेले, की तो चार्जिंग तोडतो. चालू करंटमध्ये बॅटरी अशी एकाएकी सुटली, तर लाइनवर व्होल्टेजचा झटका येऊ शकतो आणि त्याची झळ दिव्यांना, पंपाला बसते. गाडीचा अल्टरनेटर थेट जोडलेला असेल, तर त्याचे डायोडही जाऊ शकतात. ॲब्सॉर्प्शन १४.६ ऐवजी १४.२ वर ठेवलं, तर साठवणीत नगण्य फरक पडतो आणि बीएमएसला मध्ये पडायची वेळ सहसा येत नाही. मी माझं १४.२ वरच ठेवतो.

आणखी एक धोका थंडीचा. कंट्रोलर वीज घेणं थांबवतो तेव्हा पॅनेलं त्यांच्या सर्वांत जास्त व्होल्टेजला जाऊन बसतात, आणि थंडीत ते व्होल्टेज आणखी चढतं: दर अंशाला साधारण ०.३ टक्के. चिठ्ठीवरचे २२ व्होल्ट २५ अंशांचे आहेत. उणे १० अंशांना ते २४.३ होतात. अशी ३ पॅनेलं एकापुढे एक जोडली, तर ७३ व्होल्ट. तुमच्या कंट्रोलरची मर्यादा ७५ असेल, तर ही अगदी काठावरची गोष्ट झाली. कंट्रोलरला जास्त वॅटची पॅनेलं लावलेली चालतात (३० अँपिअरचा कंट्रोलर १४.४ व्होल्टला ४३२ वॅट देऊन थांबतो, बाकीचे घेतच नाही, मात्र पॅनेलांचा शॉर्ट-सर्किट करंटही त्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत हवा). पण जास्त व्होल्टेज त्याला चालत नाही. तिथे तो थांबत नाही, जळतो.

न घेतलेली वीज कामाला लावणं

पहिलं काम मोजमाप. एक आठवडा रोज लिहा: कंट्रोलर कितीला फ्लोटमध्ये गेला, आणि ऊन कितीपर्यंत टिकलं. छतावर आडवी बसवलेली ४०० वॅटची पॅनेलं चांगल्या दिवशी सव्वा ते दीड किलोवॅट-तास देऊ शकतात. तुमचा रोजचा खर्च ८०० वॅट-तास असेल, तर साडेचारशे वॅट-तासांहून जास्त रोज हातचे जाताहेत. फ्लोट संध्याकाळी चारला येत असेल, तर उरतच नाही काही. पुढचं वाचूनही उपयोग नाही, आधी पॅनेल वाढवा किंवा खर्च कमी करा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कामाची वेळ बदलणं. लॅपटॉप, कॅमेरा, ई-सायकल, ड्रिल यांच्या बॅटऱ्या रात्री नाही, दुपारी चार्ज करा. कॉम्प्रेसरच्या फ्रिजचं तापमान दुपारी दोन-तीन अंशांनी खाली न्या, बर्फाच्या थैल्या गोठवून ठेवा, आणि ऊन उतरलं की पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणा. रात्रभर कॉम्प्रेसर कमी चालतो. ही साठवण बॅटरीतच झाली म्हणा ना, फक्त थंडाव्याच्या रूपात. इंडक्शनवर शिजवत असाल, तर रात्रीच्या जेवणातलं जे आधी करून ठेवता येईल ते दुपारी उरका. इंजिनाच्या बॅटरीलाही यात वाटा मिळू शकतो. राहण्याच्या भागाच्या बॅटरीचं व्होल्टेज चढलं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा छोटा मेंटेनर मिळतो, आणि महिनाभर उभी राहिलेली गाडीही एका किल्लीत सुरू होते.

दुसरी मोठी साठवण म्हणजे पाणी, आणि माझ्या मते आरव्हीत हिच्याइतकी समाधान देणारी दुसरी नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. १० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ४६५ वॅट-तास. वरच्या हिशेबात रोज हातचे जाणारे जवळपास तेवढेच.

पण हीटरचा एलिमेंट निवडताना सापळा आहे. '१२ व्होल्ट, १५० वॅट' लिहिलेला एलिमेंट १३.८ व्होल्टला सुमारे २०० वॅट ओढतो, कारण रेझिस्टरमधले वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात. करंट साडेचौदा अँपिअरच्या जवळ जातो. त्याला २० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या शक्य तितका जवळ. वायर जाऊन-येऊन ६ मीटर असेल, तर ४ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ०.३७ व्होल्ट वाया जातात, ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.२५, मी ६ ची वापरेन. टाकीला थर्मोस्टॅट आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि टाकी रिकामी असताना एलिमेंट चालू होणार नाही याची व्यवस्थाही. कंट्रोलरवरच्या 'लोड' टर्मिनलला एलिमेंट जोडण्याआधी त्याची मर्यादा वाचा. बहुतेकांची १० ते २० अँपिअरच असते, आणि इन्व्हर्टर तर तिथे कधीच जोडू नये.

आता हा एलिमेंट चालू-बंद कोण करणार? व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच, सोपा वाटतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. सकाळी बॅटरी भरत असतानाही व्होल्टेज १३.६ च्या वरून जातं, आणि रिलेला ते फ्लोटच वाटतं. तो भुकेल्या बॅटरीच्या तोंडचा घास हीटरला देतो. दुसरं, एलिमेंट उरलेल्या विजेपेक्षा मोठा असला, तर चालू होताच व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज चढतं, रिले पुन्हा लागतो, आणि दिवसभर टकटक चालते. लिथियममध्ये तर निम्म्याहून जास्त पट्ट्यात व्होल्टेज जवळपास सपाट असतं, त्यावरून काहीच कळत नाही.

यावर उपाय म्हणजे शंट (करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर) बसवलेला बॅटरी मॉनिटर. तो आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजून टक्केवारी सांगतो. रिले ९८ टक्क्यांना चालू, ९४ ला बंद, असा फरक ठेवा, आणि चालू होण्याआधी पाच मिनिटांची थांबण्याची वेळ द्या, म्हणजे ढग येऊन गेल्यावर धावपळ होत नाही. काही कंट्रोलरांतला रिले थेट फ्लोट टप्प्याला बांधता येतो. लेड-ॲसिडसाठी तो उत्तम. तरीही माझा आग्रह असा, की पहिला महिना साधा हाताचा स्विच ठेवा. रोज दुपारी पडदा पाहून तो स्वतः दाबलात, की तुमच्या गाडीत कुठल्या वेळी किती उरतं हे अंगवळणी पडतं, आणि मग रिलेचे आकडे अंदाजाने भरावे लागत नाहीत.

बाहेरची वीज जोडलेली असताना

कॅम्पच्या खांबावरून वीज घेतली की सौर आकडा बहुतेक वेळा शून्याकडे जातो. चार्जरने बॅटरी १३.८ वर धरलेली असते, कंट्रोलरला ती भरलेली दिसते, तो शांत बसतो. ऊन आधी वापरायचं असेल, तर दिवसा चार्जर बंद ठेवा. गाडी चालवताना अल्टरनेटरच्या विजेवर बॅटरी भरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरबाबतही तेच: त्याला एक स्विच लावा आणि उन्हाच्या दिवशी तो बंद ठेवा, म्हणजे बॅटरी भरायचं काम डिझेलऐवजी ऊन करेल.

उरलेली वीज त्या खांबातून उलटी पाठवता येईल का? नाही. आरव्हीतला साधा इन्व्हर्टर ग्रिडशी ताल जुळवणारा नसतो. त्याचं आउटपुट खांबाच्या लाइनला जोडलं तर इन्व्हर्टर जळेल, आणि लाइन बंद समजून काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ट्रान्सफर स्विचशिवाय (एका वेळी एकच स्रोत जोडणाऱ्या स्विचशिवाय) दोन्ही स्रोत एकाच वायरिंगवर कधीही आणू नका.

गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर

लेड-ॲसिड असेल, तर पॅनेलं जोडलेलीच राहू द्या. फ्लोटवर राहणं तिला मानवतं, रिकामं पडून राहणं मारतं. पाण्याची बॅटरी असेल तर अधूनमधून पातळी पाहा. लिथियमचं वेगळं: उन्हाने तापलेल्या गाडीत ती सतत १०० टक्के भरलेली राहिली, तर लवकर म्हातारी होते. तिला ५० ते ६० टक्क्यांवर आणा, पॅनेलांकडचा स्विच बंद करा, मग बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. पॅनेलं वर उन्हात मोकळी राहतील, त्यांना काही होत नाही. परत आल्यावर आधी बॅटरीचा स्विच, कंट्रोलर जागा झाल्याची खात्री, आणि शेवटी पॅनेलांचा.